नवा टीव्ही घेताय? आधी लग्नाची डीव्हीडी उतरवून घ्या

दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये फोर-के स्मार्ट टीव्ही घरी येतो आणि जुन्या टीव्हीबरोबर डीव्हीडी प्लेअरही जातो. लग्न, मुंज, बारशाच्या डिस्क मात्र कपाटातच राहतात. हा क्रम उलटा हवा. आधी कॉपी, मग टीव्ही.

कारण स्टुडिओवाल्याने दिलेली डिस्क विकतच्या सिनेमाच्या डिस्कसारखी नसते. सिनेमा साच्यातून ठसवलेला असतो. घरच्या डीव्हीडी-आरवर मात्र लेझरने रंगद्रव्याच्या पातळ थरात नोंद केलेली असते. ऊन, उष्णता आणि दमटपणाने हा थर खराब होतो. कोकणातल्या पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको! स्टुडिओकडे मूळ टेप अजून असेल, या भरवशावरही राहू नये. आजोबांचा आवाज कदाचित त्या एकाच डिस्कवर असतो.

नव्या लॅपटॉपला बहुधा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा वेगळा घ्यावा लागतो. डिस्कवरचे ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर घ्यावे आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. साधी डीव्हीडी जास्तीत जास्त ४.७ जीबीची असते, त्यामुळे जागेची चिंता नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत बॅकअप नव्हे. तिचा दर्जा घसरतो.

नव्या टीव्हीवर चित्र सुधारेल, ही आशाही फोल आहे. डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, फोर-के पडद्यावर त्याच्या वीसपट ठिपके. टीव्ही ते फक्त ताणतो.

एखादी डिस्क अडकलीच, तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहावी. तोवर जुना प्लेअर देऊ नये.