पटावर आहे, वर्गात नाही

दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. भातकापणी आटोपलेली असते आणि वीटभट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील भट्ट्यांकडे निघतात, त्यांच्याबरोबर शाळेच्या पटावरील मुलेही जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर.

या स्थलांतरावर उपाय झाले नाहीत असे नाही. १९९०च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. पुढे हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्डे आली. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षणही झाले. या सर्वांचे सूत्र एकच होते : मूल शोधा आणि शाळेत आणा. आणलेले मूल शाळेत टिकत का नाही, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

जूनमध्ये परतलेले मूल वयानुसार वरच्या वर्गात बसते. वाचन मात्र मागच्या वर्षीच थांबलेले असते. पुस्तकातली मराठी घरच्या बोलीहून वेगळी. सोबतचे हसतात. मग पोट दुखू लागते, दप्तर घेऊन निघालेले मूल ओढ्यावरच थांबते. आश्रमशाळेत घरापासून तुटलेली लहान मुले सुट्टीनंतर परतायला तयार नसतात, तेव्हाही कारण बहुधा असेच असते. शाळा त्याला ‘अनियमित’ म्हणते, गाव म्हणते ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’.

बालमानसशास्त्र उनाडपणामुळे शाळा बुडवणे आणि भीतीपोटी शाळा टाळणे यांत भेद करते. शहरातील मूल शाळेच्या नावाने रडू लागले, तर पालक समुपदेशकाकडे धाव घेतात. वाडीवरील मुलाची तीच भीती त्याच्या जमातीचा स्वभाव ठरते. अन्याय नेमका येथे आहे.

कायदा याबाबत मुका नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम ४ वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलास विशेष प्रशिक्षणाचा हक्क देते, तर कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांसाठी समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्त्यांची गरज मान्य केली. परंतु दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, त्यात सरकारी माहितीचे तक्ते भरायचे, अशा शाळेत एका मुलाजवळ बसायला वेळ कोणाला आहे?

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. जूनचे पहिले काही आठवडे परतलेल्या मुलांसाठी राखावेत. त्या काळात परीक्षा नको, तुलना नको. वाडीवरील शिकलेल्या तरुण-तरुणींना मानधन देऊन वर्गात बसवावे, म्हणजे मुलाला आपली बोली शाळेत ऐकू येईल. प्रत्येक केंद्रासाठी एक फिरता समुपदेशक नेमावा आणि आश्रमशाळांतील लहान मुलांची घरच्यांशी नियमित भेट घडवावी.

हजेरीपटावरील रिकामी चौकट केवळ स्थलांतराची खूण नसते. कधी ती परत आलेल्या, पण वर्गाच्या दारातूनच मागे फिरलेल्या मुलाचीही असते.