बैलाचा खांदा शेकता, स्वतःचा कधी?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा आपण गरम पाण्याने शेकतो, त्याला तूप-हळद चोळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. ट्रॅक्टर आले तरी ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, तो हा रिवाज चुकवीत नाही. पण पाठीवर १५ लिटरचा पंप घेऊन दिवसभर पऱ्हाटीत फिरणाऱ्या कास्तकाराने आपला खांदा शेकल्याचे मी मुकुटबनच्या परिसरात क्वचितच पाहिले. आणि वावरात वाकून निंदण करणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची तर कोणी चौकशीही करीत नाही.

हे माझ्या ध्यानात आले ते शेतात नव्हे, घरापासून फार दूर. तूर घरात आल्यावर आम्ही दोघे पुण्याला मुलीकडे गेलो होतो. जावईबापू म्हणाले, "बाबा, कोलाडला चला. नदीत रबरी होडीतून जायचे." चोपन्नाव्या वर्षी हा उद्योग कशाला, असे मनात आले, पण नातवासमोर नाही कसे म्हणावे?

कोलाड हे रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर. तेथील कुंडलिका नदी जानेवारीतही खळाळत असते याचे मला नवल वाटले. आपल्याकडे तेव्हा नाले आटू लागलेले असतात. खुलासा होडी हाकणाऱ्या मुलाने केला. दोन एकर भाताच्या शेतकऱ्याचा तो मुलगा. म्हणाला, "काका, हे पाणी वर वीज तयार करून खाली सोडलेले आहे. ते सुटेल तेव्हाच आपली होडी."

ते पाणी मूळचे मुळशी धरणाचे. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळा नदीचे पाणी अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरवले आहे. टाटांचे हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. ज्यांची भातखाचरे त्या धरणात बुडणार होती, त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. जमिनी वाचल्या नाहीत. आपण ज्या लाटांवर मजेने ओरडतो, त्यांच्या मुळाशी कोणाची तरी वावरे आहेत, एवढे त्या होडीत बसणाऱ्याने लक्षात ठेवावे.

अंगात तरंगणारे जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, हातात वल्हे. दहा-बारा किलोमीटरचा प्रवास. खडकांमधून पाणी फेसाळते तेथे होडी एकदम खाली जाते, तोंडावर गार पाणी आदळते आणि मुलगा ओरडतो, "मारा वल्हे!" वाटेत एकदा तर नातवापेक्षा मीच जोरात ओरडलो. काठावर आलो तेव्हा खांदे भरून आले होते, बोटे आखडली होती. पहिल्या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जसे होते ना, अगदी तसे.

तेथून आम्ही वाकण फाट्यावरून पालीकडे वळलो. बल्लाळेश्वराच्या पालीजवळ उन्हेरे नावाचे गाव आहे. तेथे जमिनीतून गरम पाणी येते आणि ते बांधीव कुंडात साठवलेले आहे. कुजलेल्या अंड्यासारखा किंचित वास येतो. तो गंधकयुक्त वायूचा. मी पायरीवर बसलो, मग हळूच गळ्यापर्यंत उतरलो. पाच मिनिटांत खांद्यातली गाठ सुटल्यासारखे वाटले. सौभाग्यवती बायकांच्या कुंडावरून परतल्या आणि म्हणाल्या, "आज माझ्या गुडघ्यांना सुटी मिळाली." लग्नाला तीस वर्षे झाली, पण तिचे गुडघे दुखतात हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्यांच्या पिकाची पाने तपासत हिंडणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हे.

हे पाणी गरम का, असे नातवाने विचारले. खाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या मोठ्या भेगेतून वर येते. कोकणच्या पट्ट्यात अशी सुमारे १८ ठिकाणे आहेत. नावांतच खूण असते: ऊन म्हणजे गरम. उन्हेरे, उन्हवरे, तिकडे जळगाव जिल्ह्यात उनपदेव.

आणि आपले उनकेश्वर! त्यासाठी कोकण गाठायला नको. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात ते आहे. मुकुटबनवरून जाणारा लोहमार्ग आदिलाबादहून किनवटलाच जातो. शरभंग ऋषींचा त्वचारोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी तेथील कथा आहे. आपल्या जिल्ह्यात कापेश्वरलाही गरम झरा आहे.

गरम पाण्याने काय होते? रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसले की शरीराचा भार जेमतेम दहावा हिस्सा उरतो, म्हणून गुडघे-कंबरेला आराम वाटतो. रात्री झोप चांगली लागते. एवढे होते, आणि हे थोडे नाही.

पण काय होत नाही, तेही ऐका. आमच्या ओळखीच्या एका सालदाराच्या अंगावर फिकट चट्टा उठला होता. त्या जागी चिमटा घेतला तरी कळत नसे. पाण्याने जाईल म्हणून दोन वर्षे तो एका कुंडावर जात राहिला. दवाखान्यात गेला तेव्हा हाताची दोन बोटे वाकली होती. तो कुष्ठरोग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्या मोफत मिळतात. ६ किंवा १२ महिन्यांत तो पूर्ण बरा होतो. मात्र वाकलेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत. बधिर चट्टा दिसला की आधी दवाखाना, कुंड नंतर.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारून आल्यावर आधी कपडे बदला, साबण लावून साध्या पाण्याने अंग धुवा. त्या अंगाने कढत पाण्यात बसू नका. गरमीने कातडीतून औषध अधिक शोषले जाते. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधुक वाटल्यास औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

कुंडावर जाल तर एवढे पाळा. आधी पाय बुडवून पाणी सोसते का पाहा. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. भरपेट जेवून किंवा दारू पिऊन उतरू नका. बाहेर आल्यावर थोडा वेळ बसा, पाणी प्या, मगच चालू लागा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहात पाय बधिर असतात, चटका कळत नाही. अशांनी दुसऱ्याला पाणी पाहायला सांगावे. अंगावर उघडी जखम असेल तर सार्वजनिक कुंड टाळा.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे फिरणे तुम्हा पगारदारांचे. खरे आहे. कापसाचा भाव पाहता होडीची चैन कोणाला सुचणार? पण उनकेश्वरला एक दिवस जाऊन येणे उलंगवाडीनंतर जमण्यासारखे आहे. तेही न जमले तर घरची चूल आहे. येत्या खांदशेकणीला बैलासाठी पाणी तापवाल, तेव्हा आणखी एक हंडा ठेवा. त्यात पंचा बुडवून, पिळून खांद्यावर ठेवा. आणि पहिला पंचा घरातल्या बाईच्या गुडघ्यांसाठी काढा.