अंगावरून वारे जाण्यापूर्वी

घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, की ‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो. कुणी त्यास लकवा म्हणतो, वैद्यकात तो पक्षाघात. वाऱ्यावर कुणाचा ताबा नसतो. म्हणून हा आजारही दैवाधीन मानला जातो. ही समजूत केवढी महाग पडते, हे गडचिरोलीतील एका अभ्यासावरून कळते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या या वनप्रदेशात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच ठरले. त्यांतील शंभरपैकी सत्त्याऐंशी जणांनी घरीच प्राण सोडला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पक्षाघात हा मेंदूचा आजार आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. म्हणून तोंड वाकडे होणे, हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसताच घड्याळ पाहा, वेळ लक्षात ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तेल चोळण्यात वा झाडपाल्याच्या शोधात वेळ दवडू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. रुग्णास कुशीवर निजवा.

त्याहून मोलाचे आहे ते आधीचे काम. वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण, आणि तो बहुधा दुखत-खुपत नाही. म्हणून गावातील उपकेंद्रात तो नियमित मोजून घ्या. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. लोणचे-पापड बेताने खा. खर्रा आणि विडी सोडा.

आपल्या घरातून रुग्णालय किती दूर आहे, रात्री वाहन कोणाचे मिळेल, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो, याचा विचार आजच करून ठेवा. तेव्हाची घाई आजच्या तयारीनेच कामी येते.