हुकमाची सबब चालत नाही



‘युद्धात डॉक्टर आधी सैनिक असतो, वरिष्ठांचा हुकूम त्याला मोडता येत नाही’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. डिसेंबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्यात २३ आरोपी उभे राहिले, त्यांतले २० डॉक्टर होते. हुकमाची ढाल तिथेही पुढे करण्यात आली होती. त्यांच्यातला कार्ल गेभार्ट हा तर नावाजलेला शल्यचिकित्सक! राव्हेन्सब्रुक छावणीतल्या पोलिश कैदी स्त्रियांच्या पायांना त्याच्या देखरेखीखाली मुद्दाम जखमा केल्या गेल्या, त्यांत जंतू सोडले गेले. कशासाठी, तर सल्फा औषधे पारखायला. न्यायालयाने सातजणांना फाशी दिली, त्यांत तो होता.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी तर संदिग्धता ठेवलेलीच नाही. जखमींपैकी आधी कोणावर उपचार करायचे, हे केवळ वैद्यकीय निकडीवर ठरते, गणवेशावर नाही. उपचारासाठी गरजेचा नसलेला कोणताही वैद्यकीय प्रयोग युद्धकैद्यावर करता येत नाही.

माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या ‘युनिट ७३१’चा प्रमुख शिरो इशी मात्र सुटला, कारण प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात अमेरिकेने त्याला अभय दिले. पत्रलेखक याला व्यवहार्य तडजोड म्हणतात. मी याला न्यायाची विक्री म्हणेन. हार्बिनजवळच्या त्या तळावरच्या बळींत सामान्य चिनी नागरिकही होते, याचा त्यांच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

– एक वाचक, सोलापूर