उंचीचा बागुलबुवा, डब्याचा नवस

अकरावीतला मुलगा. उंची पाच फूट आठ इंच, वजन पन्नास किलो. त्याने जिमला जायचं नाव काढलं की दोन पक्ष उभे राहतात. पहिला घरातल्या वडीलधाऱ्यांचा: इतक्यात वजनं उचलू नकोस, उंची खुंटेल, अठरा पूर्ण होऊ देत, तोवर चार जोर, चार बैठका काढ. दुसरा पक्ष जिमच्या काउंटरमागे बसलेला: उचल ना, पण नुसत्या घरच्या जेवणावर बॉडी होत नसते, पावडरीचा डबा लागतो. वरवर पाहता या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मला मात्र ते एकाच पंथाचे वाटतात. वाढत्या वयाच्या शरीरावर दोघांचाही भरवसा नाही आणि घरच्या ताटावर तर त्याहून नाही.

आधी उंची. वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद असा की हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्यांच्यावर भार पडला की त्या दबतात आणि हाड लांबायचं थांबतं. यातलं पहिलं विधान खरं आहे. या कूर्चा मुलग्यांमध्ये साधारण सोळा ते अठराच्या सुमारास आणि मुलींमध्ये त्याच्या एक-दोन वर्षं आधी हाडात मिसळून जातात. दुसऱ्या विधानाला मात्र आधार नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2020 मध्ये या विषयावर सविस्तर निवेदन काढलं. नीट शिकवलेला, देखरेखीखाली केलेला वजनांचा व्यायाम वाढीला मारक नाही, असाच त्याचा कौल आहे. धोका असतो तो न पेलणारं वजन, वेड्यावाकड्या पद्धतीने, कुणाचं लक्ष नसताना उचलण्यात. तशा उचलण्याने कूर्चेला इजा होऊ शकते, हे मान्य. मग तोच न्याय क्रिकेटला लावा. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. कोवळ्या वयाच्या गोलंदाजांच्या मणक्यांना तडे जाणं क्रीडावैद्यकाला चांगलंच परिचित आहे. तरीही उंचीच्या काळजीपोटी पोराला नेटमधून ओढून घरी आणणारा बाप माझ्या पाहण्यात नाही.

‘पण वेटलिफ्टर बुटकेच असतात ना?’ हे हुकमाचं पान. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो. कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. आता सांगा, 55 किलोंच्या गटात सहा फुटी गडी येणार कुठून? आखूड हातापायांच्या माणसाला वजन कमी अंतर वर न्यावं लागतं, म्हणून तो या खेळात टिकतो आणि पुढे जातो. खेळाने त्याला बुटका केलेलं नसतं, खेळाने त्याला निवडलेलं असतं. बास्केटबॉल खेळून माणूस उंच होतो ही समजूतही याच जातीची.

जोर-बैठका पुरेत म्हणणाऱ्यांनी बहुधा तालीम बाहेरूनच पाहिलेली असते. आपल्या तालमींत पोरं मुगदल आणि करेल फिरवायची, दगडी नाल उचलायची, हौद्याची माती उकरायची. हे सगळं वजनच होतं. फक्त त्यावर किलोचे आकडे छापलेले नव्हते. जोर-बैठकांशी माझं वैर नाही, सुरुवातीला त्या उत्तमच. पण शंभर बैठका सहज निघायला लागल्या की एकशे एकाव्या बैठकीने दम वाढतो, मांडी फारशी वाढत नाही. स्नायू वाढायला भार चढता लागतो. आणि तालमीतली आणखी एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरलो. तिथे खुराकाचा हिशेब मेहनतीइतकाच काटेकोर असे. पोरगं तालमीत ठेवलं की दूध, तूप, बदाम यांची तजवीज घराने करायची, हे गृहीतच होतं.

इथे काउंटरमागचा पक्ष पुढे सरसावतो, कारण घरून एक वाक्य हमखास येतं: ‘खातो हो भरपूर, अंगालाच लागत नाही.’ माझा या वाक्यावर विश्वास नाही. आठवडाभर खाल्लेलं वहीत लिहून काढलं की ते बहुधा कोसळतं. सकाळी चहा-खारी, कॉलेजच्या डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, क्लासला जाताना वडापाव, रात्री वरणभात. रविवारचं मटण लक्षात राहतं, बुधवारचा अर्धा राहिलेला डबा विसरला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 3320 कॅलरी आणि 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. ही गरज चारचौघांसारख्या मुलाची. वजनं उचलणाऱ्या प्रौढांवरच्या 49 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शरीराच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनांच्या पलीकडे फारसा जादा फायदा दिसला नाही. तोच आकडा आपल्या पन्नास किलोंच्या मुलाला लावला तर झाले 80 ग्रॅम.

आता ताट मोजू. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम. अर्धा लिटर दूध 16. मूठ-दीड मूठ, म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाण्यांचे 12. मटकीची वाटीभर उसळ 9. दिवसभरातल्या चार पोळ्या 13, वाटीभर घट्ट वरण 7, भाताचे आणखी 7. बेरीज 76. अंडं चालत नसेल तर सोयाबीनच्या वड्या घ्या: कोरड्या वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिनंच. फुटाणे, दही, पनीर आहेतच. पोटात जागा नाही म्हणणाऱ्याने दुधात दोन केळी आणि चमचाभर शेंगदाण्याचं कूट घालून प्यावं. चावायचे कष्ट वाचतात. यात परदेशातून मागवावं असं काय आहे?

डब्याबद्दल अन्याय नको. व्हे म्हणजे चीज करताना वेगळं होणाऱ्या पाण्यातली दुधाचीच प्रथिनं. ते विष नाही. पण चार अंड्यांइतक्याच प्रथिनांसाठी चार अंड्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजायचे तर मोजणाऱ्याला ते ठाऊक असावं. ‘मास गेनर’ची गोष्ट निराळी. डब्यावरची घटकांची यादी वाचा; बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतं. ती साखरेसारखीच झटकन पचणारी पिष्टाची भुकटी. म्हणजे बाप हजारो रुपये देऊन चॉकलेटच्या वासाचं पीठ घरी आणतो आणि आई करते त्या भाकरीला नावं ठेवतो. आयसीएमआर आणि पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक सूचनांतही प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच म्हटलं आहे. क्रिएटिन या पूरकावर प्रौढांमध्ये भरपूर काम झालं आहे, मुलांमध्ये फार थोडं; बालरोगतज्ज्ञ अठराच्या आत ते नकोच म्हणतात.

आणि डब्याच्या पुढची पायरी म्हणजे सुई. उंचीची भीती खरी ठरते ती इथे. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन वाढीच्या कूर्चा वेळेआधी बंद करतं. लोखंडाने जे होत नाही ते इंजेक्शनने होतं. शिवाय वृषणं आक्रसतात, छाती बायकी सुटते, हृदयावर ताण येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी खालावलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेलं मेफेंटरमाइन आपल्याकडे जिमच्या पोरांना ‘ताकदीचं’ म्हणून विकल्याची प्रकरणं पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. मजा अशी की सोळाव्या वर्षी मुलाच्या स्वतःच्या अंगात टेस्टोस्टेरॉनला भरती आलेली असते. फुकट मिळतंय ते सोडून विकत घेण्याचा हा उद्योग.

मग करायचं काय? आठवड्यातून तीन दिवस, तास-तासभर. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, डोक्यावर रॉड ढकलणं, रोइंग, पुल-अप. बायसेपचे चार प्रकार नंतर, हौस म्हणून. पहिले काही आठवडे मोकळ्या रॉडवर किंवा त्याहून हलक्या काठीवर पद्धत बसवायची. मग आठ ते पंधरा रेप, म्हणजे आवर्तनं, नीट निघतील असं वजन, आणि निघाले की अडीच किलो वाढ. वही हवी: तारीख, वजन, रेप. पहिल्या दोन महिन्यांत ताकद मांसापेक्षा वेगाने वाढते, कारण आधी मज्जासंस्था शिकते, स्नायू मागून येतात. वहीत आकडे चढत असतात आणि आरशात मात्र तोच सुकडा उभा असतो. पोरगं डब्याला भुलतं ते नेमकं या दोन महिन्यांत, म्हणून वहीवर विश्वास ठेवायला त्याला आधीच शिकवावं लागतं. महिन्याला किलो-दीड किलो वाढ पुष्कळ झाली. त्याहून घाई केली तर वाढते ती चरबी. झोप आठ ते दहा तास. क्लास रात्री नऊला सुटतो आणि मोबाइल एकला, हे गणित घरानेच सोडवायचं आहे. ट्रेनरला त्यात काही करता येणार नाही.

महिना-दोन महिने खरोखर मोजूनमापून खाल्लं आणि वजन तसूभर हललं नाही, किंवा उलट उतरत चाललं, सतत तहान लागते, खोकला रेंगाळतोय, तर डॉक्टरकडे जाऊन मधुमेह, थायरॉइड, क्षय, जंत यांची तपासणी करावी. तिथे व्यायामाचा सल्ला उपयोगाचा नाही.

वडीलधाऱ्यांची काळजी मला वाया घालवायची नाही, फक्त तिचा पत्ता बदलायचा आहे. मुलाला घरी बसवण्यापेक्षा फी भरायच्या दिवशी त्याच्यासोबत जिममध्ये जा. ट्रेनर त्याला स्क्वॉट स्वतः करून दाखवतो का? गुडघे आत वळले तर थांबवतो का? बेंच प्रेसच्या वेळी डोक्याशी कुणी उभं राहतं का? पहिल्याच दिवशी ‘सप्लिमेंट कोणतं घेणार?’ असा प्रश्न आला, तर फीचे पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या चौकातली जिम बघा.