बिऱ्हाड हलवताना

मे महिना उजाडला की बिऱ्हाडं हलू लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळा जूनच्या मध्याला उघडायच्या असतात, तेवढ्यात घर बदलून घ्यायचं हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा जुनाच हिशेब. आमच्या भूगावात तर गेली काही वर्षं दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या इमारतीखाली टेम्पो उभा असतो. कुणी पेठेतल्या वाड्यातून आलेलं, कुणी कोथरूडच्या भाड्याच्या जागेतून. आम्हीही असेच नारायण पेठेतून इथे आलो. तेव्हापासून नव्या शेजारणींचं सामान उतरताना पाहायचा मला छंदच लागला आहे म्हणा ना! टीव्ही आणि फ्रीज यांना सगळेच जपतात, ते सहसा सुखरूप पोचतात. फुटते ती लोणच्याची बरणी, आणि सापडत नाहीत ते कागद. म्हणून आज या दोन्हींविषयी जरा सविस्तर लिहिते.

बांधाबांधीला पंधरा दिवस तरी हाताशी असावेत. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा आमची सगळी आवराआवर संध्याकाळच्या दोन-दोन तासांत झाली. जे रोज लागत नाही ते आधी बांधावं: माळा, गरम कपडे, दिवाळीचा आकाशकंदील, पाहुण्यांसाठीची भांडी. स्वयंपाकघर सर्वांत शेवटी. टाकून द्यायच्या वस्तूंचा ढीग वेगळा करावा, पण त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांची एकही वस्तू त्यांना न विचारता घालू नये. आमच्या सासूबाईंनी पाटा आपण होऊन खालच्या बिऱ्हाडकरूंना देऊन टाकला, वरवंटा मात्र ठेवून घेतला. “बारशाला काय मिक्सर फिरवणार आहात पाळण्याभोवती?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

खोकी वाण्याकडून आणि औषधाच्या दुकानातून मिळतात. साबणाची चांगली, जाड असतात, वेफर्सची कुचकामी. पुस्तकं लहान खोक्यात आणि कपडे मोठ्या, हा नियम पाळला नाही तर पुस्तकांचं खोकं तळातून सुटतं. स्वतः उचलून पाहावं. आपल्याला कमरेपर्यंत उचलता आलं नाही तर ते जास्त भरलं आहे असं खुशाल समजावं. आत काय आहे ते वरच्या बाजूला लिहू नये. त्यावर दुसरं खोकं आलं की अक्षर झाकतं. बाजूवर लिहावं.

काचेची आणि चिनी मातीची भांडी बांधायला जुन्या सुती साड्यांसारखं दुसरं काही नाही. तळाशी दुमडलेला टॉवेल घालावा. बशा आणि ताटल्या एकावर एक आडव्या न रचता उभ्या लावाव्यात. आडव्या रचल्या तर सगळ्यांचं वजन तळच्या बशीवर येतं आणि एका धक्क्यात ती जाते. कप मुलांच्या पायमोज्यांत घालावेत, छान बसतात! वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते, तेव्हा आत एक कोरा कागद असू द्यावा. खोकं भरून झालं की हलवून बघावं. आतून खुळखुळ ऐकू आली तर पुन्हा उघडून फटीत कापड कोंबावं, कंटाळा करू नये.

आता बरण्या. मे महिन्यात घर बदलायचं म्हणजे नेमकी वर्षाच्या साठवणाची वेळ. यंदाचं लोणचं नव्या घरी गेल्यावरच घालावं हे उत्तम. जुनं असेल ते फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत काढून घ्यावं आणि बरणी रिकामीच न्यावी, आत हातपुसणी भरून. भरलेली बरणी न्यायचीच असेल तर तोंड कोरडं पुसून आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर दादरा आणि वरून सुतळीचे घट्ट वेढे, अशी बांधावी. मग ती बादलीत उभी ठेवून भोवती जुने कपडे ठासावेत, आणि टेम्पोत न चढवता आपल्या पायाशी घ्यावी. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींची बरणी टेम्पोवाल्यांनी गाद्यांच्या कुशीत ठेवली, मऊ जागा म्हणून. बरणी शाबूत पोचली, पण तेल झिरपून दोन गाद्या कायमच्या केशरी झाल्या.

पापड-कुरडयांचे डबे अर्धे भरलेले नेऊ नयेत, हिंदकळून चुरा होतो. वरची रिकामी जागा कागदाच्या बोळ्यांनी भरावी. गव्हाची कोठी रिकामी करून गहू पोत्यात न्यावेत. मिसळणाच्या डब्याच्या झाकणाखाली कागद घालून वरून घट्ट फडकं बांधावं, नाहीतर हळद-मोहरी एकत्र निवडत बसावं लागतं.

रेशमी साड्या आणि पैठण्या मऊ सुती कापडात गुंडाळून ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा पुसावा, दार नाडीने बांधावं आणि उभाच न्यावा. नव्या घरी दोन-चार तास स्वस्थ उभा राहू द्यावा, मग बटण लावावं. पुढून उघडणाऱ्या धुलाई यंत्राबरोबर ड्रम जखडायचे बोल्ट आलेले असतात, ते शोधून बसवावेत. टीव्हीच्या मागच्या तारा काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्यावा. गॅसचं एजन्सीला आधीच विचारावं. दुसऱ्या गावी जायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचा, तो नव्या गावी दाखवायचा. शेगडी आपली आपण न्यायची.

टेम्पोवाल्याशी पैशाचं बोलताना मजला, लिफ्ट आणि माणसं किती हे सगळं आधी ठरवावं. जड सामान केबिनच्या बाजूला, हे आपण उभं राहून सांगावं. कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढ आहे, आणि चढावर सगळं सामान मागे सरकतं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलाचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथला ताप कमी झाला. पण भूगावच्या गावातल्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी टेम्पो अडकतोच. भल्या सकाळी निघालेलं बरं. जून लागला असेल तर ताडपत्री हवीच. पुण्यात भुरभुर असली तरी मुळशीकडे सरकावं तसा पाऊस वाढत जातो.

आता कागद. वाड्यातल्या जुन्या बायका पानशेतच्या आठवणी सांगायच्या. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. भांडी चिखलातून काढून धुता येतात, कागद कसा धुणार? घर बदलताना पूर येत नाही हे खरं, पण चार अनोळखी माणसं, वीस-पंचवीस खोकी आणि आपली धावपळ, एवढं एक फाईल नाहीशी व्हायला पुरेसं असतं. म्हणून एक पिशवी अशी करावी, जी टेम्पोत चढणारच नाही. तीत घराचा करार, बँकेचे कागद, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याचे कागद, रोजची औषधं आणि दागिने. पिशवी आपल्या खांद्याला.

आणि मैत्रिणींनो, त्या पिशवीत आपलेही कागद घाला. यजमानांच्या नोकरीचे कागद फायलीत नीट लावलेले असतात. आपलं पदवीचं प्रमाणपत्र मात्र कपाटाच्या तळाशी, घातलेल्या वर्तमानपत्राखाली! सामान बांधणारी माणसं तो कागद रद्दी समजून गोळा करतात. आमच्या इमारतीतल्या एकीचं असंच झालं. इथे आल्यावर वर्षभरात तिला शाळेत काम मिळत होतं, पण बी.ए.चं प्रमाणपत्र कुठल्याच खोक्यात निघालं नाही. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करून ती येईपर्यंत जागा भरली गेली. लग्नाचा दाखला, आपल्या गुणपत्रिका, माहेरच्या दागिन्यांच्या पावत्या, आईची पत्रं असतील तर तीही, हे सगळं आपण स्वतः, कुणावर न सोपवता काढून ठेवावं. मोबाइलवर फोटो घ्यावेतच, पण शाळेत आणि बँकेत मूळ कागद मागतात.

पहिल्या रात्रीचं एक खोकं वेगळं करून टेम्पोत शेवटी चढवावं, म्हणजे ते आधी उतरतं. त्यात कुकर, खिचडीपुरते डाळ-तांदूळ, मीठ, चहा-साखर, काडेपेटी, एक बल्ब, पेचकस, सुतळी, साबण, टॉवेल आणि केरसुणी. देव बहुतेक घरी तांदळावर ताम्हणात ठेवून हातातूनच नेतात. तुळशीला आदल्या दिवशी पाणी घालू नये, माती सांडत नाही आणि कुंडीही हलकी होते.

जुनं घर सोडताना रिकाम्या माळ्यावर एकदा हात फिरवून यावं. आमचं पुरणयंत्र तिथे कोपऱ्यात होतं. विजेच्या मीटरचं रीडिंग टिपून फोटो काढावा, आणि घरमालकांना किल्ली देताना अनामत रकमेचं बोलणं तिथंच, उभ्याउभ्या, करून घ्यावं.