फूल लाव म्हणे!

पहिल्यांदाच लग्नाचा केक करणाऱ्याला एक ठरलेला सल्ला मिळतो : 'चुकलं तर फूल लाव.' मला या सल्ल्याचा रागच येतो. क्रीमवर पडलेली रेघ, जराशी तिरकी कड, यांना चुका म्हणायचंच कशाला? गरम सुरी फिरवा, विषय संपला. पण वरच्या थराचं वजन पेलायला खालच्या केकमध्ये काड्याच रोवल्या नसतील, तर तो थर रुतत जाणार. गुलाब त्याला धरून ठेवत नाहीत.

मधोमध खचलेला केक आतून कच्चा निघाला, तर खड्ड्यात क्रीम भरून पाहुण्यांना कच्चं पीठ खाऊ घालू नका. टाका तो, दुसरा भाजा. म्हणूनच तर थर एक-दोन दिवस आधी भाजायचे. आणि फूल तरी कुठलं? दारातली कण्हेर दिसते छान, पण ती विषारी असते.

आता नागपूरचा मे घ्या. लॉनवर संध्याकाळीही पारा ३५च्या वर, आणि लोणी साधारण तेवढ्यालाच वितळतं. नवरानवरीची एंट्री लांबते, केक तासभर उघड्यावर ताटकळतो, घसरतो. मग बोलणी कोण खातं? केक करणारी पोरगी. मांडवात फ्रीज ठेवायचं मात्र एकाही काकांना सुचलेलं नसतं.